फ्लेक्सचं दुकान सोडू नकोस

पत्र:

ताई, मी सांगलीजवळच्या एका गावात राहते, वय २२, बी.कॉम. झालंय. सकाळी ९ ते २ फ्लेक्स प्रिंटिंगच्या दुकानात कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरवर काम करते आणि संध्याकाळी वेब डिझाईन आणि ग्राफिक्सचा सहा महिन्यांचा क्लास लावलाय, त्यातले चार महिने झाले. सर शिकवतात तेव्हा सगळं समजतं, व्हिडिओ बघून तर हुबेहूब करता येतं, पण घरी येऊन कोरं पान उघडलं की हात चालत नाही. लॅपटॉप एकच, ४ जीबी रॅमचा, तो बारावीतल्या भावाला पण लागतो. त्यात क्लासमधल्या एकाने क्रॅकवालं फोटोशॉप टाकून दिलंय ते सारखं हँग होतं. पप्पा म्हणतात चित्रं काढून पोट भरणार आहे का. क्लासमधले म्हणतात फ्लेक्सवाल्यांना डिझाईन कळत नसतं, वाढदिवसाचे बॅनर करून हात बिघडतो, त्यामुळे मी दुकानाचं कुणाला सांगतच नाही. दुकान सोडून पूर्णवेळ शिकू का? मी केलेल्या एका बॅनरचा फोटो पाठवतेय, हसू नका. नाव पण छापू नका.

उत्तर:

हसायचं काय त्यात गं. तुझा बॅनर मी दोनदा बघितला, आधी फोनवर आणि मग लॅपटॉपवर मोठा करून, आणि दुसऱ्यांदा बघताना मला जे दिसलं ते आधी सांगते, बाकीचं नंतर. खाली मंडळाच्या पोरांचे गोल फोटो आहेत, मी मोजले, १७ आहेत. हे १७ फोटो १७ जणांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेले असणार, कुणाचा सेल्फी, कुणाचा लग्नातला, कुणाचा आधार कार्डावरून कापलेला, आणि तरी तू सगळ्यांचे डोळे एका ओळीत आणलेस आणि चेहरे साधारण एका मापाचे केलेस. आणि चारी कडांना, जिथे रिंगा मारून दोरी ओवतात, तिथे तू एक अक्षर जाऊ दिलेलं नाहीस, कारण कुणाच्या तरी आडनावावर रिंग बसलेली तू कधीतरी पाहिली असशील आणि त्या माणसाचं बोलणं पण ऐकलं असशील. आता क्लासमध्ये पॅडिंग म्हणून जे शिकवतात ना, ते हेच. कडेपासून आतल्या मजकुरापर्यंत सोडलेली जागा. तुला ते येतं, फक्त त्याला पॅडिंग म्हणतात हे तुला माहीत नव्हतं.

चुकलंय ते पण सांगते, कारण नुसतं कौतुक करून तुझा उपयोग होणार नाही. वरच्या मोठ्या ओळीला पांढरी आउटलाईन आहे, तिच्याखाली काळी शॅडो आणि बाहेर पिवळा ग्लो, एका ओळीवर तीन इफेक्ट, आणि ज्यासाठी लोक बॅनर वाचतात ती महाप्रसादाची तारीख आणि वेळ सगळ्यात बारीक, कोपऱ्यात. गाडीवरून जाणाऱ्या माणसाला तेवढ्या दोन गोष्टी दिसायला हव्यात. ती चूक तुझ्या एकटीची नाही हे मला माहितेय, मंडळाचा माणूस खुर्ची ओढून शेजारी बसतो आणि अजून चमकवा अजून चमकवा करतो. पण पुढच्या वेळी त्याला विचार, दादा लोकांनी कधी यायचं?

तर दुकान सोडू नकोस. निदान आत्ता तरी नाही, आणि लाजेपायी तर अजिबात नाही.

मी का म्हणतेय ते माझ्यावरूनच सांगते. २००६ साली मी नाशिकमध्ये असाच एक क्लास केला. तिथे सॉफ्टवेअर मेनूच्या क्रमाने शिकवायचे, सोमवारी फाईल मेनू, मंगळवारी एडिट मेनू, आठवडाभर नुसते फिल्टर. त्यात चार महिने मी फ्लॅश शिकले, त्या वेळी वेबसाईट उघडली की आधी हलणारी-डुलणारी सुरुवात लागायची, ती बनवायला. ते फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला कायमचं बंद झालं. त्या चार महिन्यांतलं मेनूत कुठे काय होतं हे आज माझ्या काहीच उपयोगाचं नाही. पण त्याच वर्षी लग्नसराईत मी एका पत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये बसायचे, आणि तिथलं मात्र अजून रोज कामाला येतं.

तिथला एक दिवस मी विसरत नाही. नवरदेवाचं आडनाव कुऱ्हाडे होतं. आमच्या जुन्या फॉन्टमध्ये तो ऱ्ह मधला कोयत्यासारखा र वेगळा कोड मारून आणावा लागायचा, मला तो सापडेना, वेळ कमी होता, म्हणून मी सरळ रफार देऊन टाकला, कुर्हाडे. ४०० पत्रिका छापून गेल्या. दुसऱ्या दिवशी नवरदेवाचे आजोबा आले, भांडले नाहीत, नुसती पत्रिका काउंटरवर ठेवली, त्या अक्षरावर बोट ठेवलं आणि म्हणाले, पोरी हे आमचं नाव नाही. सगळ्या परत छापल्या. तेव्हापासून आजपर्यंत नाव टाईप केलं की मी ते मोठ्याने वाचते आणि शक्य असेल तर ज्याचं नाव त्यालाच दाखवते. अक्षराची ही भीती मला कुठल्याच क्लासने लावली नाही. आता युनिकोडमध्ये, म्हणजे फोनवर नि वेबवर सगळीकडे चालणाऱ्या टायपिंगमध्ये, सोपं झालंय बघ, खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग ह किंवा य, इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर तो ऱ शिफ्ट धरून जे दाबलं की येतो. पण तो टाकायचा असतो हे माहीत असायला लागतं, आणि तुला दुकानात बसून ते माहीत होणार आहे.

आता तुझ्या क्लासमधल्या मुलांना कदाचित येत नसेल आणि तुला येतं असं एक मोठं काम सांगते. दुकानात गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर मजकूर पाठवतं आणि तुमच्या कोरलमधल्या जुन्या फॉन्टवर तो नीट बसत नाही, चौकोन येतात नाहीतर फॉन्टच बदलतो, मग तू सगळं परत टाईप करतेस, हो ना? आणि उलटं, श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला मजकूर उचलून वेबसाईटवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. कारण एकच आहे. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असायचे, फॉन्ट काढला की आतलं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये क ला क चाच नंबर असतो, फॉन्ट कुठलाही लावा. विंडोज २००० सोबत आलेला मंगल फॉन्ट, सुलेखनकार र. कृ. जोशींनी केलेला, तो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला पहिला युनिकोड मराठी फॉन्ट. अजूनही कितीतरी प्रेसवाले, छोटे पेपरवाले, पतसंस्था यांचा वर्षानुवर्षांचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये अडकलाय, तो कन्व्हर्टरमधून काढून एकेक ओळ तपासून वेबवर आणायला माणूस लागतं, आणि दोन्हीकडचं कळणारी माणसं खूप नाहीत. तू त्यातली आहेस.

आणि वेबवर मराठी नीट दिसावं यासाठी चार गोष्टी मी खूप ठेचा खाऊन शिकलेय त्या तुला आयत्या देते. इंग्रजीच्या व्हिडिओत शिकवतात की हेडिंगला थोडं लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये अंतर, द्या म्हणजे छान दिसतं, ते मराठीला देऊ नकोस, शिरोरेघ तुटते आणि शब्द विस्कटल्यासारखा दिसतो. लाईन हाईट इंग्रजीपेक्षा जास्त ठेव, १.६ पासून सुरू कर, कारण आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, जवळ ओळी आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. मजकुराचं माप १८ पिक्सेल तरी घे, १६ ला देवनागरी बारीक वाटतं. आणि एचटीएमएलच्या, म्हणजे वेब पानाच्या कोडच्या, पहिल्याच टॅगमध्ये भाषा मराठी आहे असं सांग, एमआर ही दोन अक्षरं, कारण ज्या फॉन्टमध्ये मराठी वळण वेगळं दिलेलं असतं तिथे मग आपण शाळेत गिरवलेला ल आणि श येतो, नाहीतर हिंदी वळणाचा येतो. शासनाने २००९ च्या निर्णयात ल आणि श या दोन अक्षरांचं मराठी वळण ठरवून दिलंय, तरी किती मराठी साईट हे करत नाहीत, मला फार वाईट वाटतं बघून. फॉन्ट फुकट आहेत, मुंबईच्या ‘एक टाईप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा मुक्ता घे, तो वेबवर छान वाचता येतो, किंवा टिरो देवनागरी मराठी, तो तर नावातच मराठी आहे. क्लासच्या फोटोशॉपमध्ये वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसत असेल तर प्रेफरन्सेसमध्ये टाईपमध्ये जा, जुन्या व्हर्जनमध्ये तिथे टेक्स्ट इंजिन बदलायचा पर्याय असतो, दक्षिण आशियाई किंवा वर्ल्ड रेडी लिहिलेला, तो निवड, सॉफ्टवेअर बंद करून परत उघड आणि नवी फाईल घे.

मार्जिन आणि पॅडिंगमध्ये अजून गोंधळ होत असेल तर, बऱ्याच जणांचा होतो म्हणून सांगते, स्वयंपाकघरातली मांडणी डोळ्यासमोर आण. डब्याच्या भिंतीपासून आतल्या लाडवापर्यंतची मोकळी जागा म्हणजे पॅडिंग, आणि एका डब्यापासून शेजारच्या डब्यापर्यंतची म्हणजे मार्जिन. डब्याला रंग दिला तर तो लाडवाच्या आजूबाजूला दिसतो, दोन डब्यांच्या मध्ये दिसत नाही. झालं.

आता कोऱ्या पानाचं. दुकानात तू कोऱ्या पानासमोर कधी अडतेस का? नाही अडत. कारण समोर माणूस असतो, त्याला काहीतरी सांगायचं असतं, माप ठरलेलं असतं, संध्याकाळी सहाला न्यायचं असतं. घरच्या कोऱ्या पानासमोर माणूसच नाही, मग हात कसा चालणार. व्हिडिओत तर दुसऱ्यानेच सगळं ठरवलेलं असतं, कुठला रंग, काय मजकूर, आपण फक्त हात चालवतो, त्यामुळे जमल्यासारखं वाटतं. तेव्हा तू एक माणूस शोध. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, तुमच्या बाजूला हळद पावडर करून विकणारा एखादा बचत गट गाठायला अवघड जाऊ नये. त्या बायकांकडे जाऊन बस, लॅपटॉप नेऊ नकोस, वही ने. लोक फोन करून काय विचारतात ते विचार आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घे. किलोचा भाव काय, पाव किलो मिळते का, रंग घातलेला नाही ना, पुण्याला पाठवता का, फोन कुणाला करायचा. ही पाच उत्तरं म्हणजे तुझं पान. वेगळं काही सुचायची गरज नाही.

मग वहीत उभा चौकोन काढ, फोनएवढा, आणि वरून खाली कुठलं उत्तर आधी येईल ते ठरव. मग फिग्मा या पानं डिझाईन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ३६० पिक्सेल रुंदीची फ्रेम घे, कारण ते पान लोक फोनवरच बघणार आहेत, लॅपटॉपचं मोठं पान नंतर. मग एचटीएमएल. फोटो फोनने काढशील ते एकेक ४-५ एमबीचे असतात, तसेच टाकू नकोस, लहान करून वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये १५०-२०० केबीपर्यंत आण, गावात रेंज कशी असते तुला माहितेय. उलट दुकानात काय असतं आठव, मोठा फ्लेक्स लांबून बघायचा म्हणून ७२ नाहीतर १०० डीपीआयवर (इंचाला तेवढे ठिपके) चालतो आणि व्हिजिटिंग कार्ड हातात धरायचं म्हणून ३०० लागतात. रंगाचं पण तसंच, स्क्रीनवरचा पोपटी फ्लेक्सवर मळका येतो हे तू डोळ्यांनी बघितलंयस, क्लासमधली मुलं सीएमवायके म्हणजे छपाईचे रंग आणि आरजीबी म्हणजे स्क्रीनचे रंग एवढंच पाठ करतायत. तेच आता उलट्या बाजूने बघायचं, वेबसाठी आरजीबी. पान तयार झालं की गिटहब पेजेस नावाच्या सेवेवर फुकट चढवता येतं. पैसे घेऊ नकोस पहिल्या पानाचे, एक किलो हळद घे.

असली तीन पानं झाली की तुझ्याकडे दाखवायला काम आहे. मी स्वतः माणसं घेते तेव्हा सर्टिफिकेट मागत नाही, म्हणते तुझी एखादी फाईल उघड. सगळ्या लेयरची नावं लेयर १ कॉपी ७, लेयर १ कॉपी ८ अशी असली की मला कळतं की या माणसाची फाईल दुसऱ्या कुणाला हातात घेता येणार नाही. नावं देत जा गं, मराठीत दे, काही बिघडत नाही.

लॅपटॉपचं बघू. ते क्रॅकवालं आजच काढून टाक. चोरीचं आहे हे तर झालंच, पण कुणी काय घालून दिलंय त्यात कळत नाही, आणि त्याच लॅपटॉपवर भावाचे फॉर्म भरता, बँकेचं बघता. फोटोपिया ब्राउझरमध्ये चालतं, फोटोशॉपची पीएसडी फाईल उघडतं, दिसायला पण फोटोशॉपसारखंच आहे, क्लासचा अभ्यास त्यात होऊन जाईल. इलस्ट्रेटरच्या जागी इंकस्केप, फुकट आहे आणि देवनागरी नीट दाखवतं. फिग्माचा फुकट प्लॅन तुला पुष्कळ झाला, फक्त चाललं असताना बाकीचे टॅब बंद ठेव, ४ जीबीत दोन्ही होत नाही. कोड लिहायला काहीच जड लागत नाही. आणि दर पाच मिनिटांनी कंट्रोल एस, लाईट काही सांगून जात नाही.

वेळेचं म्हणशील तर संध्याकाळी लॅपटॉप भावाला देऊन टाक, त्याचं बारावीचं वर्ष आहे, तिथे ओढाताण करू नकोस, घरात तुझ्या शिकण्याचाच राग येईल. पहाटे ५ ते साडेसहा तू घे, सगळे उठायच्या आत. वहीतलं काम दिवसात कधीही होतं. आणि एक, दुकानाच्या मालकांना विचारून बघ की दोन वाजता काम संपल्यावर तासभर मशीनवर बसू का. दुपारी बहुतेक दुकानात गर्दी नसते. विचारल्याशिवाय नाही म्हणतील हे धरून चालू नकोस.

क्लासमधल्यांचं मी थोडक्यात सांगते. कमल शेडगे हे नाव ऐकलंयस का? मराठी नाटकांच्या पेपरातल्या जाहिरातींमध्ये नावाची अक्षरं ते हाताने काढायचे आणि लोक नाटक त्या अक्षरांवरून ओळखायचे. २०२० मध्ये ते गेले. त्यांनी केलेली नावं शोधून बघ, एकेक नाव पाच मिनिटं बघ. रस्त्यावर, पेपरात, सामान्य माणसाला वाचता येईल असं अक्षर काढणं हे हलकं काम नाही. उद्या क्लासमध्ये कुणी विचारलं तर सांग, मी फ्लेक्सच्या दुकानात काम करते. तेवढंच सांग, पुढे काही समजावत बसू नकोस.

पप्पांचं मात्र मी चुकीचं म्हणणार नाही. त्यांनी क्लासची फी भरली असेल, लेक रात्री स्क्रीनसमोर बसलेली त्यांना दिसते आणि त्यातून काय होणार ते दिसत नाही, तर विचारणारच. त्यांच्याशी भांडू नकोस आणि मोठ्या पॅकेजची स्वप्नं पण दाखवू नकोस. खरं आहे ते सांग, की सहा महिन्यांच्या क्लासने लगेच नोकरी लागत नाही, अजून वर्षभर तरी हात बसायला लागेल, पण तोवर दुकानाचा पगार चालू राहणार आहे, घरात एक रुपया मागणार नाही. हे तू दुकान सोडलंस तर म्हणता येणार नाही बघ. आणि एकदा त्यांना गाडीवरून चौकात ने, तुझा बॅनर लागलेला असेल तिथे थांब. त्यांना वाचायला सांग. कुठे अडखळतात ते बघ, तारीख सापडते का ते बघ, आणि मनात टिपून ठेव. तू काम करतेस तरी काय हे त्यांना पहिल्यांदा दिसेल आणि तुला एक वाचक मिळेल.

हळदीचं पान झालं की लिंक पाठव, मी फोनवरच उघडणार आहे, आणि किलोचा भाव मला बोट न हलवता दिसला पाहिजे.